वैदेहीसाठी त्रिकोणमिती

१८ जुलै २०२५, शुक्रवार

गांधीबागेतल्या ज्या दुकानाच्या साड्यांना मी फॉल-पिको करते, त्यांनी दिलेली ही डायरी सहा महिने कोरीच पडून होती. आज उघडली. आज जे झालं ते कोणाला सांगावं हे कळत नाही, म्हणून.

वैदेहीला बारावीच्या पहिल्या चाचणीत गणितात पन्नासपैकी नऊ मार्क मिळाले. पेपर माझ्या मशीनवर ठेवला नि गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसली. मी विचारलं, "हे काय वं?" तर म्हणाली, "वाचता येते ना तुले." बस, एवढंच. रडली नाही, चिडली नाही. मला तेच जास्त लागलं.

तिच्या बाबांना अजून सांगितलं नाही. हे लकडगंजात लाकडं कापायच्या आरा मशीनवर बावीस वर्षं उभे आहेत. मुलगी इंजिनिअर होणार असं त्यांनी तिथल्या प्रत्येक हमालाला सांगून ठेवलं आहे.

मीसुद्धा बारावीला गणितातच गेले होते. २००२ साली, नरखेडला. अठ्ठावीस मार्क. बाकी सगळ्या विषयांत पास. मे महिन्यात लग्न झालं आणि पुन्हा परीक्षेला बस असं कोणी म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही. तेव्हा घरात समजावून सांगणारं कोणी असतं तर, असं अधूनमधून मनात येतं.

म्हणून ठरवलं. वैदेहीचा जो धडा अडला आहे, तो मी आधी शिकीन नि तिला शिकवीन. धडा तिसरा, त्रिकोणमिती. हे फक्त तिच्यासाठी. मला आता या वयात त्याचं काय करायचं आहे!

२१ जुलै

तीन दिवस पुस्तक घेऊन बसले. आमच्या वेळी साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, एवढं पाठ होतं. इथे पहिल्याच पानावर वर्तुळ. त्रिकोण कुठे गेला तेच समजत नाही. दीडशे अंशाचा साइन काढला आहे! काटकोन त्रिकोणात दीडशे अंशाचा कोन मावेल तरी कसा?

वैदेहीला विचारलं असतं, पण तिलाच कळत असतं तर नऊ कशाला मिळाले असते?

२२ जुलै

मागच्या गल्लीत यमुताई राहतात. मुलींच्या शाळेत आणि नंतर कनिष्ठ महाविद्यालयात मिळून चौतीस वर्षं गणित शिकवलं. आता एकोणऐंशीच्या आहेत, एकट्या. त्यांच्या साड्यांचं काम माझ्याकडेच असतं. आज साडी द्यायला गेले नि पिशवीतून पुस्तक काढलं.

"कोणाला शिकायचं आहे?" त्यांनी विचारलं.

"वैदेहीले शिकवाचं आहे मले."

"म्हणजे तुला शिकायचं आहे." असं म्हणून त्यांनी चष्मा लावला. तसं नाही, असं मी सांगणार होते, पण त्यांनी एव्हाना वर्तुळ काढलं होतं. "याची त्रिज्या एक. म्हणून हे एकक वर्तुळ."

"एक म्हणजे एक काय? इंच का फूट?"

यमुताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, काहीतरी मूर्खासारखं विचारलं. "चौतीस वर्षांत हे मला दोघींनी विचारलं," त्या म्हणाल्या. "तू म्हणशील ते. तुझं एक तू ठरव. पण एकदा ठरवलं की बाकी सगळं त्याच मापात."

मग म्हणाल्या, "उजवीकडून निघायचं, घड्याळाच्या उलट फिरायचं. जिथे थांबशील तिथली उंची म्हणजे साइन. मधल्या उभ्या रेषेपासून किती उजवीकडे किंवा डावीकडे आहेस, ते कोसाइन. उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. संपलं."

एवढंच? मग हे मला २००२ साली कोणी का सांगितलं नाही?

२६ जुलै

आज गंमत झाली. घेरदार फ्रॉकचं कटिंग करायला ठेवलेला खाकी कागद घेतला, दोऱ्याला खडू बांधला आणि दहा इंचांचं वर्तुळ मारलं. माझं एक म्हणजे दहा इंच. पंचेचाळीस अंशांवर खूण केली नि टेपनं उंची मोजली. सात इंच आणि सुताएवढं वर. पुस्तकात शून्य पूर्णांक सातशे सात. साठवर मोजली तर साडेआठच्या थोडी पुढे, पुस्तकात शून्य पूर्णांक आठशे सहासष्ट. तीसवर बरोब्बर पाच! मी पुन्हा मोजलं. पाचच.

इतकी वर्षं टेप गळ्यात घालून फिरते आहे, आणि साइन टेपनं मोजता येतो हे माहीत नव्हतं.

कुकर लावायचा राहून गेला. हे आले तर मी जमिनीवर कागदावर रांगत होते. "काय करून राहिली वं?" त्यांनी विचारलं. "घेर मोजून राहिली," मी म्हटलं. खोटं नव्हतं. त्यांनी पाय चुकवत कागद ओलांडला नि स्वतःच तांदूळ धुतले.

४ ऑगस्ट

यमुताईंनी पहिलं समीकरण दिलं. साइन थीटा बरोबर अर्धा. शून्यापासून पूर्ण फेरीपर्यंत सगळ्या उकली काढ. मी लगेच लिहिलं, तीस अंश. तर त्यांनी लाल पेनानं खाली लिहिलं, 'अर्धे गुण.'

"काहून? बरोबर आहे ना."

"बरोबर आहे. पण तू तिथेच थांबलीस. अर्ध्या उंचीवर पट्टी आडवी धर. वर्तुळाला कुठे कुठे लागते?"

धरली. दोन ठिकाणी लागते. एक उजवीकडे तीस अंशांवर, एक डावीकडे दीडशेवर. दुसरी उकल इतकी डोळ्यासमोर असून मला दिसली नव्हती.

"पहिली उकल सापडली की माणूस बसून घेतो," यमुताई म्हणाल्या. "माझ्या निम्म्या मुलींचे मार्क तिथेच जायचे."

वैदेहीला आज शिकवायचं होतं, पण मीच घरी येऊन अकरा गणितं सोडवली, त्यात वेळ गेला. उद्या नक्की.

१२ ऑगस्ट

आज एकदाचं शिकवलं. खाकी कागद भिंतीला लावला, पट्टी आडवी धरून दाखवली. वैदेही मांडी घालून बसली, हो हो म्हणत राहिली. मी म्हटलं, "समजलं?" म्हणाली, "समजलं. तू चांगलं शिकवते आई." मग मी कोसाइनचं समीकरण दिलं तर तिनं पेन उचललं नि पंधरा मिनिटं नुसतं धरून ठेवलं.

तेवढ्यात लहानूचा फोन आला. लहानू माझा धाकटा भाऊ, नरखेडजवळ गावी आमची संत्र्याची बाग तोच बघतो. फोन माझा, पण बोलायचं भाचीशी. ती उठून गॅलरीत गेली. फळगळ सुरू झाली म्हणे. वैदेही त्याला विचारत होती, देठाजवळ काळं आहे का, गळलेली फळं झाडाखालीच ठेवली का, उचलून पुरली का नाही. चाळीस मिनिटं. घरात चार शब्द न बोलणारी पोरगी! मला बरं वाटलं, निदान मामाशी तरी बोलते.

पण गणिताचं काय? मी परत हाक मारली तर फोन ठेवून मुकाट्यानं आली. तिच्या हाताला माती होती. त्या कुंड्यांचंही काहीतरी करायला हवं. गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा नाही, नुसती जंबेरीची रोपं लावून ठेवली आहेत. संत्र्याचं कलम जंबेरीच्या रोपावर करतात, हे तिनंच मला सांगितलं. मी संत्र्याच्या बागेत वाढले आणि मला माहीत नव्हतं.

२२ ऑगस्ट

पोळा. पुरणपोळ्या केल्या. यमुताईंकडे चार पोळ्या घेऊन गेले, येताना सहा समीकरणं घेऊन आले.

३ सप्टेंबर

दोन कोसाइन वर्ग थीटा अधिक तीन साइन थीटा बरोबर शून्य. कोसाइनचा वर्ग काढून साइनमध्ये आणला, वर्गसमीकरण झालं, अवयव पाडले. दोन उत्तरं आली. साइन बरोबर उणे अर्धा, आणि साइन बरोबर दोन.

उणे अर्धा म्हणजे मधल्या रेषेच्या खाली पाच इंच. दोनशे दहा अंश नि तीनशे तीस. छान. पण दोन? दोन तास झाले, साइन दोन कोणत्या अंशाला येतो ते काही सापडेना. सगळं पुन्हा केलं, चूक नाही. शेवटी भाजी फोडणीला टाकताना लक्षात आलं. दोन म्हणजे वीस इंच उंची. माझं वर्तुळ दहाच्या वर जातच नाही! ते उत्तर हिशेबात बरोबर आहे, पण या वर्तुळात ते नाहीच, म्हणून सोडून द्यायचं.

मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. वैदेही डोकावली. "काय झालं वं आई?" मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं नि म्हणाली, "तुले किती आवडते ना हे." मी म्हटलं, "तुझ्यासाठीच चाललं आहे." तिनं कढीपत्ता आणून दिला.

१५ सप्टेंबर

दुसरी चाचणी. सात मार्क.

या वेळी कॉलेजातून बाबांच्याच मोबाइलवर मेसेज गेला. हे संध्याकाळी आले, हातपाय धुतले, जेवले, मग म्हणाले, "वैदेही, इकडे ये बेटा. काय कमी पडून राहिलं तुले?"

"काही नाही बाबा."

"दुसरी ट्यूशन लावू?"

"नको."

"मग?"

ती नखांतली माती काढत बसली. हे कधी ओरडत नाहीत. आजही ओरडले नाहीत. "तुही आई दिवसभर मशीन चालवून तुह्यासाठी गणित शिकून राहिली," एवढंच म्हणाले. वैदेहीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला नजर वळवावी लागली. का, ते मलाही सांगता येत नाही.

१७ सप्टेंबर

यमुताई आज पहिल्यांदा रागावल्या. साइन दोन थीटा बरोबर कोसाइन थीटा. मी डावीकडे दोन साइन कोसाइन केलं, दोन्ही बाजूंना कोसाइन होता, तो भागून उडवला. राहिलं साइन बरोबर अर्धा. तीस आणि दीडशे. दोन्ही उकली लिहिल्या, थांबले नाही, म्हणून खुशीत वही पुढे केली.

"भागलंस कशानं?"

"कोसाइननं."

"तो शून्य असला तर?"

मी वहीतली ओळ पुन्हा पाहिली.

"नव्वदला आणि दोनशे सत्तरला तो शून्यच आहे. त्या दोन उकली तू आपल्या हातानं घालवल्यास. ज्याच्या पोटात काय आहे ते माहीत नाही, ते सोयीसाठी खोडायचं नसतं, प्रेमिला. एका बाजूला घ्यायचं नि नीट बघायचं."

घरी येईपर्यंत मनाला लागून राहिलं. वैदेहीला म्हटलं, तू तरी ही चूक करू नकोस हं. ती म्हणाली, "मी तिथवर पोचतच नाही आई."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी अकराला यमुताईंकडून आले तर मशीनवर चिठ्ठी. 'आई, मी मामाकडे जाते. सांगून गेली असती तर बाबांनी जाऊ दिलं नसतं. उद्या येते. काळजी करू नको. रोपं नेली.'

गॅलरीत पाच कुंड्या कमी.

लहानूला फोन लावला. "काटोल सोडलं म्हणते तिची एसटी. मी स्टँडवर उभाच आहो ताई, तू घाबरू नको." मी यांना कळवलं. आरा बंद करून हे घरी आले नि म्हणाले, "तू जा. मी आलो तर पोरगी काही बोलणार नाही." आपल्या पोरीबद्दल त्यांना एवढं कळतं, हे मला माहीत नव्हतं. गणेशपेठच्या स्टँडवर त्यांनीच सोडलं.

एसटीत लिहिते आहे. अक्षर हलतं.

२० सप्टेंबर

काल पोचले तेव्हा वैदेही बागेत होती. लहानूनं विहिरीजवळ दोन वाफे तिला देऊन टाकलेत म्हणे, उन्हाळ्याच्या सुट्टीपासून. मला कालच कळलं. तिथे शंभरेक रोपं आहेत, ओळीनं, प्रत्येकाला खूण. सोबत वही. कलमासाठी कोणत्या झाडाचा डोळा, म्हणजे कोंब, घेतला, कोणत्या तारखेला बांधला, किती दिवसांनी फुटला, किती मेले. मी वही चाळली. रेघा आखलेल्या, अक्षर सुरेख. गणिताच्या वहीत तिचं अक्षर असं कधीच नसतं.

तिनं मला पाहिलं, पण उठली नाही. हातात ब्लेड होतं. रोपाच्या सालीवर टीच्या आकाराची चीर दिली, डोळा आत सरकवला, वरून पट्टी गुंडाळली. एवढंसं काम. पण हात हलला नाही. मी पंधरा वर्षं फॉल लावते आहे, हलणारा हात मला लांबूनही दिसतो.

"बाबा रागावले?" तिनं विचारलं.

"नाही."

"मले अॅग्रीकल्चर करायचं आहे आई. बीएस्सी. बायोलॉजी आहे ना माह्याकडे. गणित सोडून दुसरा विषय घेता येते, मी कॉलेजात विचारलं. फॉर्म भरायच्या आधी बदलता येते. आईबाबांची सही लागते."

"कधीपासून आहे हे तुझ्या मनात?"

"अकरावीपासून."

"मग सांगतलं काहून नाही?"

ती पट्टी गुंडाळत राहिली. "सांगणार होती. त्या नऊ मार्काच्या दिवशीच सांगणार होती. पण तू दुसऱ्याच दिवशी पुस्तक घेऊन बसली. मग तू रोज त्या यमुताईकडे जायले लागली, भिंतीले वर्तुळ लावलं, हसून राहिली एकटीच. मी तुले तशी कधी पाह्यलीच नव्हती. मी गणित सोडलं तर तुहं पण सुटलं असतं ना."

मी तिच्या शेजारी मातीत बसले. लहानू मोटर बंद करून आला नि म्हणाला, "ताई, चहा घे. पोरगी हुशार आहे तुही. तिनं सांगतलं तसं केलं, तर यंदा माही फळगळ बरीच थांबली."

दोन महिने मी तिला शिकवते आहे असं समजत होते. ती मला सांभाळत होती.

२१ सप्टेंबर

घरी आलो. वैदेहीनं बाबांसमोर वही ठेवली. त्यांनी एकेक पान उलटलं, बोट लावून. पुष्कळ वेळ गेला. "हे सगळं तू लिहिलं?" "हो." मग "इंजिनिअर म्हणून सांगून ठेवलं होतं मी सगळ्याले," असं म्हणाले, तक्रारीसारखं नाही, आपलं आपल्याशीच. वही मिटून तिच्या हातात दिली.

जेवताना विचारलं, "फॉर्म कुठे आहे?"

३० सप्टेंबर

विषय बदलला. गणिताच्या जागी भूगोल. दोघांच्या सह्या झाल्या.

खाकी कागद भिंतीवरून काढला. कटिंगला कामी येईल.

११ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं काही नाही. दिवाळीच्या साड्यांचं काम आहे. भाजी आणायला लांबच्या रस्त्यानं जाते, मागच्या गल्लीतून नको.

१३ ऑक्टोबर

यमुताई काठी टेकत स्वतः घरी आल्या. दोन जिने! मी पाणी दिलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "वर्तुळ कुठे गेलं?"

मी सगळं सांगितलं. वैदेहीनं गणित सोडलं, आता त्याची गरज राहिली नाही.

"वैदेहीनं सोडलं. ठीक. तू कधी सोडलंस?"

"मी तर तिच्यासाठीच..."

"पहिल्या दिवशी तू मला विचारलंस, एक म्हणजे एक काय. ते तिच्यासाठी विचारलं होतंस?"

मला रडू आलं. एक्केचाळीस वर्षांची बाई, आणि गणितासाठी रडते! यमुताईंनी समजूत वगैरे काढली नाही. पिशवीतून वही काढली नि म्हणाल्या, "सामान्य उकल राहिली आहे तुझी. आतापर्यंत एका फेरीतल्या उकली काढल्यास. आता फेऱ्या मोजायच्या नाहीत. कितीही वेळा फिरलं तरी चालेल, अशी उकल लिहायची. कठीण आहे. उद्या ये."

११ नोव्हेंबर

सामान्य उकल जमायला दिवाळी उलटली. साइनमध्ये ते उणे एकचा एनवा घात काहून येतो, हे चार दिवस समजत नव्हतं. मग खाकी कागदावर एकेक खूण करत गेले. एन सम असला की उजवीकडची खूण, विषम असला की डावीकडची. दोन्ही खुणा एकाच ओळीत मावतात! ज्यानं हे पहिल्यांदा लिहिलं असेल त्यालाही भाजी करपेपर्यंत बसावं लागलं असेल.

वैदेही आता जेवताना बोलते. भूगोल तिला आवडला. रविवारी मामाकडे जाते, सांगून.

२० नोव्हेंबर

वैदेहीनं मुक्त विद्यालयाची माहिती काढली. बारावीच्या पातळीचं गणित तिथून देता येतं, वयाची अट नाही. फॉर्म तिनंच मोबाइलवर भरला. मी बाजूला बसून नको, राहू दे, असं दोनदा म्हटलं. तिनं ऐकलं नाही, आणि मी तिसऱ्यांदा म्हटलं नाही. फोटोसाठी भिंतीसमोर उभं केलं. "हस नको आई, परीक्षेचा आहे."

यांना अजून सांगितलं नाही. काय म्हणतील कोण जाणे. घरातली एक जण गणित सोडते, दुसरी धरते. हसतील बहुतेक. का कोण जाणे, त्यांच्या हसण्याची मला भीती वाटते. मी काय करते त्याकडे त्यांचं लक्ष तसंही नसतं. थकून येतात बिचारे.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी हे म्हणाले, थोडं काम आहे, लकडगंजात जाऊन येतो. रविवारी आरा बंद असतो, म्हणून मला नवल वाटलं. दुपारी आले ते मोटारसायकलवर मागे दोरीनं काहीतरी बांधून. पोत्यात गुंडाळलेलं होतं.

सोडलं तर उतरत्या फळीचं लिहायचं बैठं मेज. सागाचं. मांडी घालून बसलं की बरोबर हाताशी येईल एवढं. कडा घासून गोल केलेल्या, पेन गडगडू नये म्हणून वर खाच पाडलेली.

"तुकडे पडले होते," ते म्हणाले. "महिनाभर जेवणाच्या सुट्टीत करून राहिलो होतो. मशीनवर वाकून लिहिते तू. मान धरते ना तुही, रोज संध्याकाळी चोळत राहते."

मी म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कायले सांगाले पाहिजे? मले दिसत नाही का?" मग पोतं घडी करत विचारलं, "पेपर कधी आहे?"

"एप्रिलमध्ये."

"मी सोडून देईन सेंटरवर."

वैदेही दारात उभी राहून हसत होती. तिनंच सांगितलं असणार, की नसेल, मी विचारलं नाही. मेज खिडकीजवळ ठेवलं, वही उघडली. यमुताईंनी दिलेल्या नव्या समीकरणांतलं पहिलं घेतलं नि चुकलं. हे पलंगावर बसून बघत होते. मी खोडलं.

"राहू दे, मग कर," ते म्हणाले.

"नाही, थांबा," मी म्हटलं, नि पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडलं.